मानशीची दारं कुणाच्या हातात

गोव्यातल्या पुराचा हिशेब नुसत्या पावसावर होत नाही. वाळपईत किती इंच, सांग्यात किती इंच ते वर्तमानपत्रं रोज छापतात आणि आम्हीही चहा घेता घेता तेच आकडे एकमेकांना सांगतो. पण मांडवीच्या काठावर वाढलेला माणूस पावसाच्या जोडीला तिथी बघतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. समुद्राचं पाणी नदीत आत शिरतं, नदीचं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही आणि नेमका त्याच वेळी सत्तरीच्या डोंगरांवर पाऊस कोसळला, तर ते सगळं पाणी आमच्या शेतांत आणि अंगणांत थांबतं. तेवढाच पाऊस अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, पडला तर निम्मा धोका टळतो.

माझं माहेर चोडणचं, सासर साखळीचं, आणि नोकरीची सगळी वर्षं सत्तरीतल्या एका हायस्कुलात मराठी शिकवण्यात गेली. त्यामुळे डोंगरातून उतरणारं पाणी, बाजारपेठेत घुसणारं पाणी आणि खाडीच्या तोंडाशी अडलेलं पाणी, तिन्ही मी जवळून बघितली आहेत. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखीच दिसते. पाणी कुठून येणार हे तिथल्या माणसांना ठाऊक असतं, आणि पाण्याबद्दलचा निर्णय दुसरीकडेच कुठेतरी होतो. गावाला पुराच्या दिवशी हाक मारतात. आराखडा ठरतो त्या दिवशी कुणी बोलावत नाही.

हवामान बदलतं आहे हे आता आम्हाला कुणी पटवून द्यायला नको. अरबी समुद्र तसा शांत समजला जायचा. वादळं बंगालच्या उपसागरातली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवून दिलं की 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या काळापेक्षा 52 टक्क्यांनी वाढली. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं, विजेचे खांब, कौलं, सगळं रस्त्यावर. कोरोनाचा कहर चालू असताना कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. अग्निशामक दल पोहोचेपर्यंत गावच्या पोरांनी कोयते आणि करवती घेऊन अर्धे रस्ते मोकळे केले होते. सरकारी यंत्रणा कमी पडली असं मला म्हणायचं नाही. एकाच सकाळी सगळ्या राज्यात झाडं पडली तर कुठलीही यंत्रणा कमीच पडेल. पहिले काही तास गावालाच काढावे लागतात. मग त्या तासांची तयारीही गावाकडेच नको का?

आमच्या पूर्वजांनी ही तयारी केली होती, आणि ती अजून डोळ्यांसमोर आहे.

खाजन जमिनी म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली शेतं. गोव्यात अशी सुमारे 18 हजार हेक्टर जमीन सांगितली जाते. बांध नसता तर दिवसातून दोनदा तिथे खारं पाणी भरलं असतं. चोडण, दिवाडी, मांडवी-जुवारीचे काठ, तिकडे कुडतरीपर्यंत, शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी चिखलाचे बांध घातले, बाहेरून चिरे रचले, नदीच्या अंगाला खारफुटी राहू दिली आणि आत कोरगुटासारखं खारं सोसणारं भात पेरलं. बांधात जागोजागी मानस. चिऱ्यांची चौकट, तिच्यात लाकडी झडपा. भरतीचं पाणी झडपांना आतल्या बाजूला रेटतं तशा त्या चौकटीवर घट्ट बसतात. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी त्याच झडपा बाहेर ढकलून नदीत निघून जातं. वीज लागत नाही, डिझेल लागत नाही. माणूस मात्र लागतो. झडपेला कालवं चिकटतात, पुरातून आलेला ओंडका मध्ये अडकतो, खेकडे बांध पोखरतात.

आमच्या शेजारचे एक काका पावसाळ्यात बांधावरून अनवाणी चालायचे. चपलेला भोक कळत नाही म्हणायचे. पायाखाली माती मऊ लागली की खाली वाकायचे, बोट आत घालायचे आणि ते बोट जिभेला लावायचे. गोडं लागलं तर पावसाचं पाणी, पुढे चालू लागायचे. खारट लागलं तर तिथूनच हाका. आम्ही पोरं घमेली घेऊन धावायचो, कुणी चिखल, कुणी पेंढा, आणि भरती चढायच्या आत ते भोक बुजलेलं असायचं. मुठीएवढं भोक एका उधाणात बैलगाडी जाईल एवढं होतं, आणि खारं पाणी एकदा शेतात शिरलं की त्या जमिनीत पुढची काही वर्षं धड पीक येत नाही. हे काकांना कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. बांधापलीकडे त्यांचं स्वतःचं शेत होतं आणि बांध फुटला तर सगळ्यांत आधी त्यांचंच भात जाणार होतं.

यातली पैशाची बाजू फार कमी लोक सांगतात. ओहोटीच्या पाण्याबरोबर मानशीतून मासळी बाहेर पडते, तिथे जाळं लावायच्या हक्काची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची. त्या पैशातून बांधाची डागडुजी. म्हणजे धोका राखणाऱ्या माणसांच्या हातात निर्णय होता, काम होतं आणि कामाला लागणारा पैसाही होता. मला वाटतं लोकसहभाग म्हणतात तो या तिन्हींचा मिळून होतो. यातलं एक काढून घेतलं की उरलेली दोन फार दिवस टिकत नाहीत.

ते काढून घेतलं गेलं, हळूहळू. पूर्वी बांधांची जबाबदारी गावकरीची, म्हणजे पोर्तुगीज अमलात जिला कोमुनिदाद म्हणू लागले त्या संस्थेची. मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आला, कसणाऱ्याला संरक्षण आणि पुढे जमीन मिळाली. ते न्यायाचंच होतं. बांधांची सामूहिक जबाबदारी पार पाडण्यासाठी 1975 मध्ये नियम झाले, कुळांच्या संघटना उभ्या राहिल्या. कागदावर साखळी कुठे तुटली नाही. पण त्या कुळांची पुढची पिढी पणजीत, वेर्ण्यात, आखातात नोकरीला गेली. शेत पडीक राहिलं आणि मासळीची पावणी तेवढी चालू राहिली. पावणी घेणाऱ्याला आत खारं पाणी असलेलंच बरं, कारण मासळी जास्त मिळते. त्यात खनिजाच्या बार्जी नदीतून जा-ये करू लागल्या, त्यांच्या लाटांनी बांधांचे पाय उघडे पडले. आता बांधाला भगदाड पडतं तेव्हा आधी अर्ज जातो, मग पाहणी, मग अंदाजपत्रक, मग निविदा. तोवर दोन-तीन उधाणं होऊन गेलेली असतात. ठेकेदाराचं यंत्र येतं तेव्हा ते चालवणाऱ्याला खारं बोट आणि गोडं बोट यातला फरक माहीत असायचं काही कारण नसतं.

गावकरीचे गोडवे गाताना दुसरी बाजू दडवणं मला जमणार नाही. 1526 मध्ये पोर्तुगिजांनी जिच्या चालीरीती लेखी नोंदवून घेतल्या, ती संस्था गावच्या मूळ घराण्यांतल्या पुरुषांची होती. बाईला तिथे मत नव्हतं. ज्यांनी डोक्यावरून चिखल वाहिला त्यांतल्या कितीतरी जणांचा त्या जमिनीत वाटा नव्हता. काकांच्या हाकेसरशी घमेली उचलणाऱ्यांत निम्म्या बायका असायच्या, पण पावणीच्या बैठकीत एकही बाई मी कधी पाहिली नाही. त्यामुळे जुनं जसंच्या तसं परत आणा, असं मी म्हणणार नाही. बांध राखायची ती पद्धत मात्र आपण शिकून घ्यायला हवी, आणि बैठकीला सगळे बसायला हवेत.

23 जुलै 2021 चा पूर सत्तरी, डिचोली, धारबांदोडा आणि पेडण्याच्या लोकांना विसरता येणार नाही. आदल्या दिवशी चिपळूण बुडालं होतं, ते आम्ही टीव्हीवर बघत होतो. दुसऱ्या दिवशी म्हादई, म्हणजे वरच्या अंगाची मांडवी, आमच्या दारात. पैकुळचा पूल वाहून गेला. दूधसागरच्या घाटात दरड कोसळून रेल्वेचे डबे रुळांवरून घसरले. 1982 नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं मुख्यमंत्र्यांनीही म्हटलं. मातीच्या भिंतींची घरं विरघळून बसली.

पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी सत्तरीतल्या एका वाड्यावर, देवळाच्या मंडपात बैठक झाली. माझे दोन जुने विद्यार्थी पंचायतीत पंच होते, म्हणून मीही गेले. एका सरकारी कर्मचाऱ्याने टेबलावर नकाशा पसरला होता. म्हादईच्या दोन्ही काठांना निळा पट्टा आखलेला, म्हणजे धोक्याचा भाग. शाळा पट्ट्याच्या बाहेर, म्हणून शाळा हे निवाऱ्याचं ठिकाण. सगळं रीतसर. मागच्या खांबाला टेकून एक आजी बसल्या होत्या. त्या उठून टेबलाजवळ आल्या, नकाशा त्यांना वाचता येत नव्हता, त्यांनी मला विचारलं, आमचं घर कुठे आहे यात? मी बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "बाय, पयलीं व्हाळ पळय, न्हंय मागीर." आधी ओहळ बघ, नदी नंतर.

त्यांच्या घरात नदीचं पाणी शिरलंच नव्हतं. शिरलं होतं मागच्या ओहळाचं. काही वर्षांपूर्वी नवा रस्ता झाला, त्याच्याखाली मोरी बसवली, ती काजूच्या फांद्यांनी आणि प्लॅस्टिकने तुंबली. नदी पात्रात होती तेव्हाच ओहळ रस्त्यावरून वाहायला लागला होता. आणि शाळा ओहळाच्या पलीकडे! म्हणजे नकाशाबरहुकूम माणसं निवाऱ्याकडे निघाली असती तर ऐन पुरात ओहळात उतरली असती. मंडपात एकदम शांतता झाली. त्या कर्मचाऱ्याने, त्याचं मला फार कौतुक वाटतं, वाद घातला नाही. पेन्सिल आजींच्या हातात दिली. आजींनी ओहळ काढला, वाकडातिकडा, नकाशाबाहेर जाणारा. मग बाकीचे पुढे सरकले. इथे विहीर खचते, इथे कड सुटलेली आहे, इथून गुरं वर नेता येतात. निवाऱ्यासाठी ओहळाच्या अलीकडचा देवळाचा सभामंडपच ठरला.

गुरांचं कुणाच्या आराखड्यात नसतं. आणि गुरं गोठ्यात असेपर्यंत सत्तरीतला माणूस घर सोडत नाही, हे मी पुन्हा पुन्हा बघितलं आहे. बाहेरून आलेली बोट दाराशी उभी असते आणि घरचा माणूस दावं सोडायला मागे धावतो. त्या वाड्यावर म्हणून पहिला नियम ठरला तो गुरांचा: लाल इशारा आला की संध्याकाळीच गुरं वरच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, बांधायची. माणसं मग आपोआप हलतात. नंतर माझ्या विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन एक वही केली. कुणाकडे अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाकडे इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं, कुणाकडे लांब दोर, कुणाकडे ट्रॅक्टर, रात्री कुणाचा फोन लागतो आणि कुणाच्या घरी रेंजच नाही. रेंज नसलेल्या घराच्या समोर शेजारच्या एका पोराचं नाव. मोबाईलवर इशाऱ्याचा संदेश वाजतो हे छान आहे, त्याने जीव वाचतात. पण वाळपईच्या पुढे गेल्यावर तो संदेश कुठल्या वळणापर्यंत पोहोचतो, ते त्या पोरांना जास्त ठाऊक.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना गोव्यातही आली. देशभरातल्या 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचे, असा तिचा विस्तार. माझा एक विद्यार्थी त्यात आहे. बुडणाऱ्याला कसं ओढायचं, दोराची गाठ कशी मारायची, प्रथमोपचार कसे द्यायचे, तो मन लावून शिकला आणि पुढे त्याने ते वापरलंही. मला फक्त एवढंच वाटतं की हाच मुलगा मे महिन्यात मोरी तुंबली आहे असं सांगायला गेला, तर त्याचं कुणी ऐकायला हवं. दोर टाकायची वेळ येऊ नये यासाठी लागणारा अधिकार त्याला अजून कुणी दिलेला नाही. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात स्थानिक संस्थांची कामं लिहिलेली आहेत. जिल्हा प्राधिकरणावर जिल्हाधिकाऱ्यांच्या जोडीला लोकांमधून निवडून आलेला सहअध्यक्षही आहे. गोव्यात 191 ग्रामपंचायती आहेत. रस्ता आणि गटारावरून ग्रामसभांत रात्रीपर्यंत भांडणं होतात, ती व्हायलाच हवीत. पण पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत पुराचा आराखडा विषयपत्रिकेवर पहिला घेतलेला मी फार कमी वेळा पाहिला.

आगीचंही तसंच. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतू लागली, सगळा देश ते बघत होता. खाली साट्र्याच्या बाजूला हिरव्या फांद्यांचे टहाळे घेऊन वनरक्षक आणि गावकरी ज्वाळा झोडपत होते, ते फारसं कुणाला दिसलं नाही. त्याच दिवसांत शहरातल्या चर्चांमध्ये मात्र आग गावकऱ्यांनीच लावली, असं सरसकट बोललं गेलं. काजूच्या बागा साफ करताना काही ठिकाणी आग लावतात हे खरं आहे. पण ज्याच्यावर सतत संशय घेतला जातो तो माणूस धूर दिसल्यावर फोन करायच्या आधी दोनदा विचार करतो, आणि तेवढ्यात आग कड्यावर चढते. जंगल राखायचं तर जंगलात राहणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल.

ओडिशाने हे करून दाखवलं आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर निवारे बांधले आणि त्यांची देखभाल गावच्या समित्यांकडे दिली. एरवी त्या इमारतीत शाळा भरते, सभा होतात, म्हणून किल्ली कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. 2013 मध्ये फायलीन आलं तेव्हा जवळजवळ दहा लाख लोक वेळेत हलवले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. 2020 मध्ये तिथल्या व्यंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना त्सुनामीसाठी सज्ज असल्याची युनेस्कोची मान्यता मिळाली, ती कोळ्यांची गावं आहेत. गोवा लहान, साक्षर आणि ओडिशापेक्षा पैसेवाला. आपल्याला का जमू नये?

उत्तरेकडे आणखी एक गुंता आहे. तिळारीचं धरण दोडामार्गात, महाराष्ट्रात. खाली येते ती आमची शापोरा. धरणाचे दरवाजे उघडले की इब्रामपूर, साळ, पुढे कोलवाळपर्यंतच्या लोकांची झोप उडते. पाणी राज्याची हद्द ओळखत नाही, पण निरोप हद्दीवर रेंगाळतो. दोन्हीकडची माणसं एकमेकांची सोयरी आहेत. वरच्या गावातला मामा खालच्या गावातल्या भाच्याला फोन करतो तेव्हा इशारा वेळेत पोहोचतो, हे मी ऐकून आहे. त्या फोनला आराखड्यात जागा दिली, दोन्हीकडच्या दोन-दोन माणसांची नावं लिहिली, तर खर्च काहीच नाही.

आणि ज्यांचा कुणी मामा इथे नाही त्यांचं काय? आमच्या नद्यांच्या काठी, सगळ्यांत सखल जागेत, पत्र्याच्या खोल्यांत कर्नाटकातून, झारखंडातून आलेली कामगारांची कुटुंबं राहतात. घरं आम्हीच भाड्याने देतो. त्यांचं नाव मतदार यादीत नाही म्हणून ग्रामसभेत नाही, आणि ग्रामसभेत नाही म्हणून वहीत नाही. ही जुन्या गावकरीचीच चूक नव्याने होते आहे. चिखल वाहायला चालतात, बैठकीला चालत नाहीत. साखळीला एका पावसाळ्यात अशाच एका खोलीतल्या बाईला मी विचारलं, पाणी वाढतंय हे तुम्हाला कोण सांगतं? ती म्हणाली, "कोई नहीं माँजी, बच्चे का पाँव गीला होता है तब उठते हैं।"

तेव्हापासून आमच्या वाड्याच्या वहीत भाडेकरूंची पानं आहेत. घरमालकाच्या नावाखाली त्यांची नावं, कन्नड आणि हिंदी बोलू शकणाऱ्या दोन शेजारणींची नावं आणि त्यांचे नंबर. काही घरमालकांनी नाक मुरडलं, नोंद झाली की कर लागेल अशी त्यांना भीती. त्यांची समजूत काढायचं काम अजून चालू आहे.

येत्या ग्रामसभेसाठी मी ठराव लिहून ठेवला आहे. पावसाळ्याआधी मोऱ्या आणि नाले तपासायला वाड्यागणिक पाच जणांची समिती, त्यात निदान दोन बायका आणि एक भाडेकरू. समितीने दाखवलेलं काम पंचायतीने आपल्या निधीतून त्याच महिन्यात करायचं, नाही केलं तर कारण लेखी द्यायचं. वही दर जूनमध्ये नवी. उधाणाच्या तिथी आणि भरतीच्या वेळा पंचायतीच्या फलकावर, देवळात आणि चर्चमध्ये मराठी, कोकणी, कन्नड आणि हिंदीत. पैशाच्या कलमावर सर्वांत जास्त विरोध होणार हे मला माहीत आहे, आणि ते कलम मी मागे घेणार नाही.